नाइसचं कूळ

"नाइस!" होऊ घातलेला जावई पुन्हा म्हणाला, आणि सरांच्या कपाळावर आठी चढली.

पुस्तकांचं कपाट, नाइस. खिडकीतली कुंडी, नाइस. चहाचा पहिला घोट, व्हेरी नाइस! पोरगा लिफ्ट दुरुस्त करायचा. सर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. शब्दांची कुळं शोधायची त्यांना भारी हौस. गल्लीत त्यांना 'डिक्शनरी' म्हणत, अर्थात पाठीमागे. एकुलत्या एका लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं, "बाबा, तुम्ही हो म्हटलंत तरच लग्न करीन. पण करीन तर ह्याच्याशीच." आता ती बिचारी सोफ्याच्या कडेला जीव मुठीत धरून बसली होती.

"नाइस म्हणजे काय, माहितीय?" सरांनी विचारलं.

"छान!"

"छान म्हणे! अहो, मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, ज्याला काही माहीत नाही तो. अज्ञानी. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख. पुढे लोकांनी वापरून वापरून गुळगुळीत केला, म्हणून आज छान. म्हणजे मघाशी तुम्ही आमच्या चहाला मूर्ख म्हणालात. कळतंय का?"

पोराने कपाकडे पाहिलं, मग सरांकडे. त्याचा चेहरा खुलला.

"नाइस!" तो अगदी मनापासून म्हणाला. "हे कुणी सांगितलंच नव्हतं मला."

लेकीने डोळे मिटून घेतले. सर ताडकन उठले आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांची बायको कपबशा विसळत होती.

"ऐकलंस? पालथ्या घड्यावर पाणी!" सर दबक्या आवाजात कडाडले. "शब्दाचा अर्थ माहीत नाही आणि दिवसभर तोंडात तोच. असल्याच्या हाती पोर द्यायची? मी नाही म्हणून सांगणार आहे."

"सांगा की. पण आधी मला एक सांगा. लग्नाआधी तुम्ही मला तुमच्या आईंना भेटवायला नेलं होतंत. मी निघाल्यावर त्यांनी विचारलं, कशी आहे रे मुलगी? काय म्हणालात तुम्ही?"

सर एकदम नरमले. हा किस्सा त्यांनीच तिला कितीदा तरी कौतुकाने ऐकवला होता.

"नाइस म्हणालो."

"म्हणजे छान की मूर्ख?"

"अगं, छान! मूर्ख कशाला म्हणेन मी तुला? तो मूळ अर्थ तेव्हा मला कुठे माहीत होता?"

बायकोने नळ बंद केला. हात पुसले, बिस्किटांची बशी सरांच्या हातात दिली आणि त्यांना दाराकडे वळवलं.

"म्हणजे नाइस तुम्हीच होतात," ती म्हणाली. "तरी मी हो म्हटलंच ना?"