घरच्या माणसाचा घोट

"आधी चहा. चहा घेतल्याबिगर त्या गिलासाला हात लावायचा न्हाई," अंजनाबाईंनी पाहुण्याला दरडावलंच म्हणायचं.

पाहुणे म्हणजे मिरजेचे राजवर्धन. बिअर चाखून तिला पास-नापास करणं हे त्यांचं काम, आणि त्यांच्या जिभेचा दबदबा पार पुण्यापर्यंत. चाखायच्या आधी चहा नको, असं ते म्हणतील याची अंजनाबाईंच्या लेकीला, शिवांजलीला, धास्ती होती. पण कऱ्हाडकडच्या घरात चहाला नाही म्हणून कोण सुटलाय? त्यांनी फक्त कोरा मागितला.

साखरेचा डबा नेमका आजच रिकामा. अंजनाबाईंनी मागच्या खोलीतल्या पोत्यात घाईघाईनं हात घालून तो भरला, चहा उकळला आणि दोन कप पुढं ठेवले. शिवांजलीनं स्वतःसाठी नको म्हटलं. आणि अंजनाबाईंचा रिवाज ठरलेला. पाहुणा वाटेला लागल्याशिवाय त्या चहाला तोंड लावत नसत.

शिवांजलीच्या वडिलांनी, आप्पासोंनी, एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पाहुण्याकडं बघत बसले.

राजवर्धन सावकाश प्याले. "फक्कड झालाय. आणखी अर्धा कप चालेल."

आप्पांचा राग आता चहावर निघतोय, असं शिवांजलीला वाटलं. राग होताच. आप्पासो पलटणीतून सुभेदार होऊन परतले ते म्हशी पाळायच्या म्हणून. गोठा स्वतः उभारलेला. पुण्यात चार वर्षं बिअर बनवायचं काम शिकून लेक आली आणि परवाना काढून त्याच गोठ्यात स्टीलच्या टाक्या मांडायच्या म्हणाली. त्यांनी म्हशी विकल्या, पण शब्द घेऊन. "एक वरीस. भायेरच्या जाणत्या माणसानं चांगली म्हटली तर गोठा तुजा. न्हाईतर टाक्या उचलायच्या."

वर्ष आज संपत होतं. बिअरच्या तीन खेपा बिघडल्या म्हणून शिवांजलीनं स्वतःच ओतून दिल्या होत्या. ही चौथी. आप्पासोंनी तर सांगोल्याकडच्या दोन मुऱ्हा म्हशी बघूनही ठेवल्या होत्या. म्हशी गेल्या तरी त्यांची पेंड आणि मिठाची पोती त्यांनी मागच्या खोलीतून हलवू दिली नव्हती. लागतील म्हणे.

शिवांजलीनं बाटली उघडली. बेल्जियन पद्धतीची बिअर, तांबूस, वर जाड फेस. त्यातला मध ओढ्याकाठी ठेवलेल्या तिच्याच मधपेट्यांमधला. तिनं दोन ग्लास भरले.

राजवर्धननी ग्लास उजेडात धरला. "रंग सुरेख. फेसही टिकतोय." मग दुसरा ग्लास त्यांनी आप्पासोंपुढं सरकवला. "सुभेदारसाहेब, माझी एक पद्धत आहे. आधी घरच्या माणसानं चाखायचं. त्यातही ज्याला बिअर पास व्हायला नकोय, त्यानं. तो उगाच कौतुक करत नाही."

"मी रम पिणारा गडी. मला ह्यातलं काय कळतंय?"

"जे कळेल ते सांगा. मी माझं ताडून बघतो."

आप्पासोंनी ग्लास नाकाशी नेला, घोट घेतला. पाहुण्यानंही घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले.

"बडीशेप हाय व्हय यात?" आप्पासोंनी विचारलं.

"आहे की. हलकीशी." राजवर्धननी कागदावर लिहिलं.

शिवांजली चमकली. बडीशेप? पण परीक्षकाला मधेच टोकायचं कसं?

आप्पासोंनी दाराबाहेर पाहिलं. गोठ्याच्या खांबांना दाव्याच्या कड्या अजून तशाच होत्या. या माणसाला म्हशी हव्या होत्या, अगदी मनापासून. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. पाहुण्याचा पेन कागदावर थांबलेला. शिवांजली मनातल्या मनात विनवत होती. आप्पा, काय ते बोला एकदाचं!

"पैल्यांदा लवंग येती," आप्पासो सावकाश बोलले. "मग केळ्याचा वास. लय पिकल्याल्या केळ्याचा. मध गोड लागत न्हाई, मागनं येतोय. वड्याकाठची करंजं फुलल्यावर सांजच्याला येतो, तसा. शेवटाला जीभ जराशी कडू हुती, पर वंगाळ न्हाई."

"आणि एकूण?"

"एकूण..." आप्पासोंनी ग्लास संपवला. "एकूण ब्येस हाय. आमच्या पलटणीत कुनी असली पाजली न्हाई."

राजवर्धननी मान हलवली, पुन्हा एकदा घोट घेतला आणि बराच वेळ लिहीत राहिले. खाली सही केली. "अभिनंदन. पास! नुसती पास नाही, उत्तम."

शिवांजलीला हसावं की रडावं कळेना. ती आधी पाहुण्याच्या पाया पडली, मग आप्पांच्या. आप्पासोंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागच्या खोलीत गेले.

पाहुण्याची गाडी फाट्याला लागली. शिवांजली कागद मोठ्यानं वाचत होती. "काय जीभ आहे गं आई या माणसाची! लवंग, पिकलेलं केळं, मागून येणारा करंजाचा मध. तंतोतंत! फक्त ही बडीशेप कुठनं आली? मी घातलीच नाही."

अंजनाबाईंनी उरलेला चहा गरम करून कपात ओतला, निवांत बसल्या, एक घोट घेतला आणि तशाच दाराकडं पळाल्या. थुंकून आल्या.

"अगं बया! साखर न्हवं, मीठ पडलंय की ह्यात! आवं, ऐकलं का? पाव्हणं दीड कप प्यालं की वो! फक्कड म्हनलं!"

आप्पासो म्हशींच्या मिठाचं पोतं ओढत बाहेर घेऊन येत होते.

"ठावं हाय मला, पैल्या घोटालाच कळलं," ते म्हणाले आणि लेकीकडं वळले. "बडीशेपेची तेवढी मी थाप मारली, पोरी. बाकी सगळं खरं हाय."