घरचं जेवण

आई गेली त्याच वर्षी तिला विद्यापीठात प्रवेश मिळाला. "हॉस्टेल कशाला? आमचं घर काय परकं आहे?" असं चारचौघांत म्हणून काकू तिला घरी घेऊन गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकाच्या बाईंना कायमची सुट्टी दिली. तिच्या हातचा पहिला घास घेऊन म्हणाल्या, "आईनं नुसतं लाडात वाढवलंय. शिकवलं काहीच नाही."

आईचं नाव निघालं, तेव्हाच तिनं काय ते ठरवलं.

कुकरपाशी उभं राहून ती प्रमेयं पाठ करायची, पहिल्या तासाला रोज धापा टाकत पोचायची. रांधायची मात्र थेट आईसारखं, जीव ओतून. बघता बघता काका बोटं चाटायला लागले, चुलतभावांचं बाहेरचं खाणं सुटलं. काकूंना तर आपल्याच घरात मीठ कुठे असतं तेही आठवेना.

दुसऱ्या वर्षाला तिनं हॉस्टेलमध्ये खोली घेतली. "येते हं, काकू," म्हणाली आणि बॅग उचलून निघाली.

पंधरवडाही उलटला नसेल, काकूंचा रडवेला फोन आला. "अगं, तुझे काका ताटावरून उठून जातात. पोरं नाकं मुरडतात. तुझी आई भाजीत घालायची तरी काय?"

"सांगते की सगळं," ती अगदी गोड आवाजात म्हणाली.


"पण धीर धरा हं, काकू. पहिलं वर्ष जरा जड जातं."