पलंगाखालचा डबा

तिने झाडू पलंगाखाली घातला आणि मेकॅनिकचा जीव खालीवर व्हायला लागला.

"अगं, तिथे राहू दे. कालच झाडलंस ना?"

"काल कुठे? परवा," बायको म्हणाली आणि आणखी वाकली.

तो अर्धवट उठून बसला. कुबड्या भिंतीला टेकलेल्या होत्या, हात पोचत नव्हता. पलंगाखाली त्याचा नटबोल्टचा डबा होता आणि तो तिच्या हाती लागून चालणार नव्हतं. त्याने पाणी मागितलं. ते उशाशीच होतं. चहा मागितला. "आत्ताच तर झाला," ती म्हणाली. मग त्याने हुकमी विनोद काढला, "बाईसाहेब, एका पायाच्या माणसाचा कचरा अर्धाच असतो." झाडू काही थांबला नाही.

दोन महिन्यांपूर्वी गॅरेजमध्ये जॅक सरकला, गाडी खाली आली आणि त्याचा डावा पाय गुडघ्यापासून गेला. भेटायला येणारे तोंड पाडून यायचे आणि पोट धरून हसत जायचे. पठ्ठ्या जराही खचला नाही, असं ते बाहेर सांगत फिरत. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मात्र एक गोळी लिहून दिली होती. "एवढा मार बसला की पुढे मन खचू शकतं. सगळ्यांचं खचतंच असं नाही, गोळीने टळेलच अशी खात्रीही नाही. पण आधीपासून घेऊन बघू," त्या म्हणाल्या होत्या. मेकॅनिकला ते चांगलंच झोंबलं. गाडी मस्त पळत असताना इंजिन कोण खोलतं? बायको रोज सकाळी गोळी त्याच्या तळहातावर ठेवायची. तो ती जिभेखाली धरायचा, वर घोटभर पाणी प्यायचा आणि तिची पाठ वळली की हळूच डब्यात टाकायचा.

डबा बाहेर आला. तिने उचलून हलवला आणि थबकली. नटबोल्ट असे वाजत नाहीत. झाकण निघालं. आत पांढऱ्या गोळ्या होत्या, काही अर्धवट विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. तिने त्या लगेच ओळखल्या.

आता बोलणी खायची, असं समजून त्याने हसायची तयारी केली. "चिडू नकोस. मी ठणठणीत आहे. मला नको होत्या, म्हणून नाही घेतल्या. एवढंच."

ती चिडली नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नको होत्या, तर फेकून का नाही दिल्या?" तिने विचारलं. "खिडकी हाताशी आहे तुमच्या."

"असू देत. लागतील कधीतरी."

गॅरेजमध्ये उरलेल्या प्रत्येक स्क्रूबद्दल तो हेच म्हणायचा. जिभेला सवयच होती. पण शब्द बाहेर पडले आणि त्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकले. कशाला लागतील? तो घाईघाईने म्हणाला, "म्हणजे तसं नव्हे गं..." पुढे कसं, ते त्याला सुचेना. रोज गोळी टाकल्यावर तो डबा हातात घेऊन तोलून बघायचा. किती भरला ते बघितलं की त्याला बरं वाटायचं, आणि मग दिवसभर विनोद सुचायचे. का बरं वाटायचं, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, तेव्हा तो भयंकर घाबरला.

बायको रडत नव्हती. डबा पोटाशी धरून नुसती त्याच्याकडे बघत होती.

"डॉक्टरीणबाईंना आत्ताच फोन लाव," तो शेवटी म्हणाला. "मी बोलतो. सगळं सांगतो. आणि तो डबा घरातून बाहेर काढ."

"आणि पाकिटातल्या नव्या गोळ्या?"

"त्या घेईन. तुझ्यासमोर, तोंड उघडून दाखवेन. पण ठेव तुझ्याजवळच," तो म्हणाला. "आणि कुठे ठेवल्यास, ते मला सांगू नकोस."