चोविसावी पिढी

घरात कूलर एक, आणि त्याचं तोंड चिलटांकडे. सुंदरबाई ही तक्रार आल्यागेल्याला सांगायची. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, चार दिवसांवर आलेली, जळगावचं ऊन माणसाला भाजून काढत होतं. ती स्टोव्हपाशी घामानं निथळत होती, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा तिचा मुलगा हिलाल आतल्या खोलीत बाटल्यांवर ओलं गोणपाट टाकत होता. गारवा नसला तर म्हणे माश्यांची वीण थांबते.

त्या चिलटांचा शिराही तिनंच ढवळायचा. रवा, गूळ, सावद्याची पिकली केळी.

"सुनेला कधी असा करून घातला नाही मी," ती मुख्तार सरांना म्हणाली. "आता ह्यांचे लाड बघा, मुख्तारभाऊ."

मुख्तार सर धुळ्याला शिकवायचे. हिलाल त्यांच्याच हाताखाली शिकलेला. सर हसले नाहीत.

"अक्का, साक्रीला पुष्पाचे वडील भेटले. विचारत होते, पोरीला आणून सोडू, की ठेवून घेऊ?"

सुंदरबाईनं स्टोव्ह बारीक केला. आखाजीला माहेरी गेलेली सून पंधरा दिवसांत परत येते. पुष्पा मागच्या आखाजीला गेली. त्याच्या महिनाभर आधी तिचं बाळ गेलं होतं. मुलगी होती. जन्मली तेव्हाच डोळे नव्हते. एकोणीस दिवस जगली. मग हिलालनं पुण्याहून बिनडोळ्यांच्या माश्या आणल्या आणि साक्रीला पत्र टाकलं: पुढच्या बाळाला डोळे येतील का, ह्याचा बाटल्यांत निकाल लागेपर्यंत तिकडेच राहा. तेव्हापासून दर पत्रात तेच.

"निकाल लागू द्या," हिलाल आतून म्हणाला. "सर, इकडे या. दाखवतो."

पाळणा टांगायचा होता त्या कडीखाली आता बाटल्यांची मांडणी होती.

"ही चोविसावी पिढी. पहिलीत शंभरात चार माश्यांना डोळे होते. आता साठांना आहेत. मी एकही निवडलेली नाही. होत्या तशा एकत्र राहू दिल्या. डोळ्याएवढी गुंतागुंतीची वस्तू पायरीपायरीनं कशी घडते, ते ह्या बाटलीत दिसतंय, सर."

"घडली कुठे? परत आली. डोळा करायचं सगळं सामान आत होतंच. एक खिळा निखळला होता, बाकीच्यांनी मिळून सांभाळून घेतलं. ज्याच्या सात कुळांत डोळा नव्हता त्याला डोळा आणून दाखव, मग मानीन. तू एक पायरी दाखवतोस. जिना कसा बांधला गेला, ते ह्यात नाही."

"लाखो वर्षं बाटलीत मावत नाहीत, सर."

"मग तुझा निकालही मावणार नाही." सरांचा आवाज उतरला. "माणसाच्या चोवीस पिढ्या म्हणजे सहाशे वर्षं, हिलाल. पुष्पानं कुठवर थांबायचं?"

हिलाल भिंगाची खुंटी फिरवत राहिला.

सुंदरबाई पातेलं घेऊन दारात उभी होती. "माले दाखव," ती म्हणाली.

"माय, तुला त्यातलं काय समजणार?"

"तिसरीपर्यंत शिकेल शे मी. आणि बघायला इयत्ता लागत नाही."

ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. ईथरनं निजलेली एक माशी केवढी तरी मोठी दिसली. पाय, केस, पंखांच्या शिरा, सगळं बठ्ठं जागच्या जागी. डोळा असायचा तिथे कातडी. सपाट, गुळगुळीत.

हे तिनं पाहिलेलं होतं, मांडीवर घेऊन. आवाज आला की ते बाळ तोंड वळवायचं. म्हणून एकोणीस दिवस ती बोलत राहिली होती, सुचेल ते, भाजीचे भावसुद्धा. विसाव्या दिवशीही दुपारपर्यंत बोलत होती. सरणाची लाकडं लागत नाहीत एवढ्या जिवाला. खड्डा पुरतो.

"कशी गं तू," ती काचेवर पुटपुटली.

माशीची गुंगी उतरत होती. तिनं एक पाय हलवला. मग ते गुळगुळीत तोंड सावकाश सुंदरबाईकडे वळलं.

ती मागे सरली नाही. पण हातातलं पातेलं तिला खाली ठेवावं लागलं.

"दुसरी लाव."

हिलालनं दुसरी लावली. तिच्या एका बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल डोळा होता. दुसऱ्या बाजूला नुसता ठिपका.

"हिचे मायबाप?"

"बिनडोळ्यांचे असतील. नाहीतर एखादा डोळ्यांचा."

"आणि हिला पोरं झाली तर?"

"काही बिनडोळ्यांची निघतील. काही नाही."

"तशी निघाली, तर हिला कुठे पाठवतोस?"

"पाठवणार कुठे, माय? बाटलीतच राहते, सगळ्यांबरोबर."

मुख्तार सरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. कूलरचं पाणी संपत आलं होतं, पंखा कोरडाच घरघरत होता.

"अजून दोन पिढ्या," हिलाल म्हणाला. तो आईकडे बघत नव्हता, बाटल्यांकडे बघत होता. "महिनाभराची तर गोष्ट आहे. सत्तरच्या वर आकडा गेला की मी स्वतः साक्रीला जातो."

सुंदरबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"त्या बाटलीत कोणी कोणाले साक्रीले धाडलं नाही, हिलाल. म्हणून आले डोळे."