डावीकडचा माणूस

ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो, कारण तिच्यात लढाई सुरूच होत नाही. पण थिऑन काही डोक्यातून जाईना.

ग्रीक सैनिकांच्या रांगेत प्रत्येकाची ढाल अर्धी त्याला आणि अर्धी डावीकडच्याला झाकायची. मागच्या लढाईत थिऑन घाबरून एक पाऊल उजवीकडे, शेजाऱ्याच्या ढालीआड सरकला, आणि डावीकडे उघडा पडलेला त्याचा दोस्त लायकॉन मांडीत भाला घुसून कोसळला.

आज लायकॉन लंगडत आला आणि पुन्हा त्याच्याच डावीकडे उभा राहिला. समोरून शत्रूची रांग चालून येत होती. थिऑनला राहवेना.

“तेव्हा मी सरकलो होतो रे. तू दुसरीकडे उभा राहा.”

“माहितीय, गाढवा. शेजारीच होतो ना!”

“मग परत इथंच मरायला आलास?”

“सरकतात सगळेच. लाज वाटलेला तू एकटाच. मला तुझीच ढाल हवी.”

थिऑनने टाच मातीत रोवली आणि ढाल लायकॉनच्या छातीपुढे धरली.

“आज ही तुझ्यापुढून हलली, तर समज माझा हात तुटलाय. शब्द देतो.”