या हप्त्याची गाणी

दर शुक्रवारी नवी गाणी आली की औशाचा डीजेवाला मुज्तबा आणि त्याचा टेम्पो चालवणारा हरिओम गाडीत बसून ती ऐकायचे. रविवारच्या वरातीत काय वाजवायचं ते तिथंच ठरायचं. निकाल मुज्तबाचा, अर्धं आयुष्य स्पीकरच्या भिंतीला टेकून काढलेला माणूस.

पहिलं गाणं संपलं. "बीट भारी हाय. पण पोरगं रॅप करून राहिलं का पाढे म्हणून राहिलं?"

हरिओम हसला. दुसरं लावलं.

"पोरी नाचतील यावर. पण मागं ती शिट्टी कशाला टाकली?"

"शिट्टी?"

"पहिल्यात बी होती. या हप्त्यात समद्यांनी शिट्टीच धरली का काय? लाव पुढचं."

हरिओमनं स्क्रीनवर बोट दाबलं. नेट अडकलं; मोबाईलवर नुसतं चक्र फिरत राहिलं.

मुज्तबा डोळे मिटून ऐकत होता. "हे तर लई बेकार. गाणंच न्हाई, नुसती शिट्टी. बंद कर."

"मुज्तबाभाई, अजून सुरूच झालं न्हाई."

मुज्तबानं दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबले.

"हरिओम," तो म्हणाला, "तरी बी वाजून राहिली रे."