मोठी चकती

निपाणीजवळच्या मारुतीरावांच्या रानाचा बांध म्हणजेच दोन राज्यांची हद्द. अलीकडं त्यांचं कर्नाटक, पलीकडं केदारीचा महाराष्ट्र. दरसाल नांगर घालून केदारीनं बांध कोरला आणि हद्द आत सरकवली, असं मारुतीराव गावभर सांगत. जुन्या मोजणीत हद्दीवर ठोकलेली लोखंडी खुंटी सापडली की त्याचं पितळ उघडं पडणार होतं. म्हणून त्यांनी मेटल डिटेक्टरवाल्या सौरवला बोलावलं.

सौरवनं मशीनच्या टोकाला लावायच्या दोन चकत्या काढल्या. "ही बारकी वरवरचं बघत्या, मोठी खोलातलं. कुठली लावू?"

"मोठीच लाव! त्येनं किती खाल्लंय ते कळू दे समद्यांस्नी."

केदारीच्या रानात मशीन गप्प. बांधावरही गप्प. दमलेला सौरव पाणी प्यायला अलीकडं वळला, आणि मारुतीरावांच्या गोठ्यात, गव्हाणीजवळ, चालू मशीननं एकदम बोंब ठोकली. खणलं तर तीच जुन्या मोजणीतली हद्दीची खुंटी!

केदारी बांध ओलांडून आला. "अण्णा, म्हाराष्ट्रात गेल्याबिगर मरणार न्हाय म्हणून जल्मभर सभा गाजवलासा. घ्या, गोठ्यासकट पोचलासा की!"

मारुतीरावांनी पायानं खुंटीवर माती लोटली.

"सौरव, ती बारकी चकती लाव रं. ही मोठी काय बी दाखवत्या."